अरादच्या धूपवेद्या: राजाने बंद केल्या की पुजाऱ्यांनी लपवल्या?

मृण्मयी: इस्राएलच्या दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटातल्या तेल अराद किल्ल्यात यहूदा या प्राचीन ज्यू राज्याचं छोटं मंदिर होतं. १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ योहानन अहारोनींना तिथे गाभाऱ्याशी चुनखडीच्या दोन धूपवेद्या मिळाल्या, आडव्या निजवून वर माती टाकलेल्या. नेहमीचं उत्तर असं की, यहूदाच्या हिज्कीया राजाने (इ.स.पू. आठव्या शतकाचा शेवट) राजधानी यरुशलेमबाहेरची पूजास्थानं बंद केली (बायबल, २ राजे १८:४), त्यात हेही गेलं. मला पटत नाही. मोडायच्याच होत्या तर घणाचा एक घाव पुरे होता. इथे जळालेल्या धूपाचा थरसुद्धा शाबूत आहे! यहूदावर चालून आलेल्या अश्शूर साम्राज्याची फौज येतेय म्हटल्यावर पुजाऱ्यांनीच त्या झाकल्या असणार.

कातळ: साफ असहमत. यहूदातल्याच बैर-शेबा शहरातल्या मोठ्या वेदीचे दगड, शिंगांसकट (वेदीच्या कोपऱ्यांवरची वर आलेली टोकं), कोठाराच्या भिंतीत चिणलेले सापडले. शत्रूच्या भीतीने कुणी वेदीचे दगड कोठाराला लावत नाही. यहूदातल्या लाखीश शहराच्या वेशीतल्या देवळात तर वेद्यांची शिंगं तोडून शेजारी दगडी शौचपात्र ठेवलं. तपासणीत ते कधी वापरल्याचं दिसलं नाही, म्हणजे जागा विटाळण्यापुरतंच! इस्राएलचा राजा येहू याने बआल या परक्या देवाच्या मंदिराचं शौचकूप केल्याचं २ राजे १०:२७ मध्ये आहेच.

मृण्मयी: लाखीशचा दाखला माझ्याच बाजूने जातो. हुकूम एकाच राजाचा, तर तिथे विटंबना आणि अरादला एक ओरखडाही नाही, असं का?

कातळ: कारण हुकूम राजाचा असला तरी हात किल्ल्यातल्याच माणसांचे. काल ज्यांनी तिथे धूप जाळला, ते आज घण कसा घालतील? आणि लपवल्याच होत्या, तर पुन्हा काढल्या का नाहीत? किल्ला नंतर उभा राहिला, मंदिर नाही.

सुगंधा: दोघांनीही वेद्यांवर काय जळत होतं ते सोडलंत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत मोठीवर चरबीत मिसळलेला लोबान निघाला, धाकटीवर शेणात कालवलेला गांजा. शेण मंद जळतं, त्यामुळे गांजा भडकून न जाता धुमसत राहतो. बायबलच्या निर्गम ३०:३४ मधल्या धूपाच्या यादीत लोबान आहे, गांजा नाही. यरुशलेमच्या याजकांना ही धाकटी वेदी खपली असती, असं मला मुळीच वाटत नाही. माझं मत कातळच्या बाजूने.

मृण्मयी: ती यादी अरादच्या पुजाऱ्यांपुढे होती, हे आधी दाखवा. ग्रंथातला नियम आणि सीमेवरच्या किल्ल्यातली वहिवाट एकच धरून चालता येणार नाही. कातळचा 'पुन्हा का काढल्या नाहीत' हा प्रश्न मात्र भक्कम आहे. झाकणारे हात लढाईत गेले असतील, याहून बरं उत्तर सध्या माझ्याकडे नाही.