चर्चा: गावच्या क्रीडाकेंद्रात एक तरी पगारी माणूस हवा की नको?

धागाकर्ता
परवाच्या बैठकीत विषय निघाला, आवाज चढले आणि निर्णय न होताच सगळे उठले. म्हणून इथे मांडतो. आमच्या केंद्रात आज पगारी माणूस एकही नाही. कुलूप उघडणं, मैदानावर पाणी मारणं, रेषा आखणं, जाळी बांधणं, मुलांची हजेरी, स्वच्छतागृह, सगळं स्वयंसेवक करतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच म्हणतो की निदान केंद्र सांभाळणारा एक माणूस पूर्णवेळ पगारावर ठेवा. प्रशिक्षकाचं नंतर बघू. मैदानाला रोज हात लागावा लागतो. पावसाने पडलेला खड्डा त्याच दिवशी बुजवला नाही, तर दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी घोटा मुरगळतो. शेतीचा हंगाम आला की स्वयंसेवकांना वेळ मिळत नाही आणि केंद्राला आठवडा आठवडा कुलूप राहतं. मुलं दोनदा परत गेली की तिसऱ्यांदा येत नाहीत.

जुना कार्यकर्ता
त्या बैठकीत मीही होतो. माझा विरोध पैशाला नाही, पैशामुळे जे होईल त्याला आहे. एकाला पगार सुरू झाला की बाकीचे हात आपोआप मागे जातात. "तो पगार घेतो ना, त्यालाच सांगा" हे वाक्य मी दुसऱ्या संस्थेत ऐकलंय. वर्षभरात तिथे स्वयंसेवक उरले नव्हते. आयर्लंडची गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे तिथल्या देशी खेळांची संघटना, बघा. १८८४ साली स्थापना झाली, आणि तिथे अंतिम सामना खेळणाऱ्यालाही खेळण्याचा पगार मिळत नाही. गावोगावचे क्लब गावकरीच चालवतात. मैदान आपलं आहे ही भावना पगारपत्रकातून येत नाही.

धागाकर्ता
उदाहरण चांगलं दिलंत, पण अर्धंच. त्याच संघटनेत पूर्णवेळ पगारी प्रशिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी आहेत. पार्करनचंही तसंच. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ धावपटूंनी सुरुवात केली, आज कितीतरी देशांत दर आठवड्याला पाच किलोमीटरची मोफत धाव होते. दर ठिकाणी स्वयंसेवक उभे असतात, पण मागची व्यवस्था सांभाळायला पगारी माणसं आहेत.

एका खेळाडूची आई
पगाराचं तुम्ही ठरवा. मला विचारायचंय, जबाबदार कोण? माझी मुलगी खेळताना डोक्यावर पडली. मैदानावरच्या दादाने प्रेमाने पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला आणि पाच मिनिटांत पुन्हा खेळायला पाठवलं. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळ थांबवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं, हा साधा नियम त्याला कुणी सांगितलाच नव्हता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला न शिकवता मुलांसमोर उभं करणाऱ्यांवर आहे. आणखी एक. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची आधी चौकशी व्हायला हवी, आणि कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहू नये. माणूस ओळखीचा आहे, एवढ्यावर भागत नाही.

प्रथमोपचार शिकवणारा
आईंशी शंभर टक्के सहमत. हृदय बंद पडलं आणि कुणीच काही केलं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. गावात रुग्णवाहिका यायला किती वेळ लागतो, हे ज्याने त्याने आठवून बघावं. तोवर मैदानावर जो असेल त्यालाच छातीवर दाब द्यावे लागतात. मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाच्या छातीत किमान ५ सेंटीमीटर खोल. हे एका दुपारीत शिकता येतं. मात्र सराव सुटला की हात विसरतात, म्हणून उजळणी ठेवावीच लागते. त्या क्षणी पगारी आणि बिनपगारी असा भेद नसतो.

जुना कार्यकर्ता
प्रशिक्षणाचं मान्य, त्यात वादच नाही. मुलीला काय झालं ते वाचून वाईट वाटलं. पण पगार आणणार कुठून, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. अनुदान ठरावीक मुदतीचं असतं. ते संपलं की तो माणूसही जातो, आणि तोवर स्वयंसेवकांची सवय मोडलेली असते. वर्गणी वाढवली तर आधी गळतील ती ज्यांच्या घरी पैसे नाहीत ती मुलं. केंद्र कुणासाठी काढलं होतं?

मैदान राखणारी
माझ्याबद्दलच बोलणं चाललंय, म्हणून लिहिते. आठ वर्षं किल्ली माझ्याकडे आहे. पगार हवा का, हे बैठकीत मला कुणी विचारलं नाही. नकोय मला. पण येण्याजाण्याचा खर्च मी किती दिवस स्वतः करायचा? घरात लग्न होतं तेव्हाही पहाटे कुलूप उघडायला मीच आले, कारण दुसरी किल्लीच नाही. आजारी पडले तर कुणाला सांगायचं तेही ठरलेलं नाही. मला मैदान आवडतं, सकाळी मुलं रांगेत उभी राहिली की बरं वाटतं. एक दिवस सुट्टी मागितली तर कुणी नाराज होऊ नये, एवढं करा.

धागाकर्ता
ताई, चूक झाली. तुम्हाला विचारल्याशिवाय हा विषय बैठकीत आणायलाच नको होता. येण्याजाण्याच्या खर्चाचा ठराव पुढच्या बैठकीत मी मांडतो. पगाराचाही पुन्हा मांडणार, कारण ताई थांबल्या तर काय, हा प्रश्न तसाच राहतो.

जुना कार्यकर्ता
ठरावाला अनुमोदन माझं. दुसरी किल्ली उद्या करून घेतो, मंगळवार आणि शुक्रवार पहाटे मी उघडेन. पगाराला मात्र विरोध कायम.