लॅपटॉप आत्ता घ्यावा की दिवाळीपर्यंत थांबावं?

मंडळी, मदत हवी आहे. लेकीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, लॅपटॉप घ्यायचाय. बजेट ५५ हजार, ओढूनताणून ५८. काल मुंबईतला लॅमिंग्टन रोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, पालथा घातला. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडीचे एकाने ५८ सांगितले आणि हळूच म्हणाला, "बिल नको असेल तर तीन हजार कमी." मग वॉरंटीचं काय, विचारलं तर चहा मागवला! ऑनलाइन तेच मॉडेल ५५ ला दिसतंय, पण सूट ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर, आणि ते आमच्याकडे नाही. ८ जीबीचा घेऊन नंतर रॅम वाढवावी, तर काही मॉडेलमध्ये ती बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते, बदलता येत नाही. कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतंय. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये खरंच थांबण्याइतका फरक पडतो का? गेल्या वर्षी कोणी घेतलाय?