‘प्रायमरी’ आणि ‘कॉकस’ यांना मराठीत काय म्हणावे?

रेघोटी : ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात २००८ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झालेल्या लढतीवरचा एक लेख अनुवादाला घेतला आहे. ‘प्रायमरी’ला (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणारे गुप्त मतदान) मी ‘प्राथमिक निवडणूक’ लिहिले, तर संपादकांनी समासात ‘मग माध्यमिक कधी?’ असा शेरा मारला. ‘पक्षांतर्गत निवडणूक’ म्हणावे, तर त्यात कॉकसही (त्याच कामासाठी सभेला जमून उघडपणे केलेली निवड) येतो आणि लेखाचा सगळा भर या दोहोंतल्या फरकावरच आहे : क्लिंटन यांनी मोठ्या प्रायमरी-राज्यांवर जोर दिला, तर ओबामांच्या माणसांनी लहानसहान कॉकस-राज्यांत आधीपासून मोर्चेबांधणी केली.

जुनेपान : ‘मोर्चेबांधणी’ ठेवा, ‘रणनीती’ नको. मोर्चा म्हणजे मुळात वेढ्यातल्या तोफांचा आडोसा. घोषणा देत निघणारा मोर्चा पुष्कळ नंतरचा. कॉकसला ‘कंपू’ म्हणावे. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपूच म्हणत.

आयोवावासी : कंपूत परक्याला शिरकाव नसतो, इथे तर परक्याला हाताला धरून ओढत. ३ जानेवारी २००८ च्या रात्री आयोवा राज्याच्या कॉकसला आम्ही शाळेच्या व्यायामशाळेत उभे होतो, एकेका उमेदवाराला एकेक कोपरा दिलेला. ज्यांची १५ टक्के माणसे भरली नाहीत त्यांचा कोपरा मोडला, आणि त्या माणसांना आपल्याकडे वळवायला दोन्हीकडचे शेजारी धावले. माझ्या शेजारच्या आजींनी तर एकाला घरच्या केकचे आमिष दाखवले. याला मराठीत ‘गोट’ हा शब्द आहे. ‘गोटसभा’ म्हणा.

तिकीटबारी : ‘गोटसभा’ वाचून वाचक गोट्या शोधेल. आपल्याकडे तिकीट वरून येते, म्हणून ही वस्तूच नाही आणि शब्दही नाही. ‘तिकीट’ चालते, तर ‘कॉकस’ का चालू नये?

जुनेपान : चालते म्हणून सगळेच चालवायचे, तर अनुवाद कशाला करायचा?

न्यूजर्सीकर : शब्द कोणताही घ्या, हिशेब मात्र वाचकापर्यंत पोहोचवा. ५ फेब्रुवारीला आमच्या राज्याच्या प्रायमरीत क्लिंटन यांना ५९ आणि ओबामांना ४८ डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडायला मत देणारे) मिळाले, म्हणजे क्लिंटन यांची आघाडी ११ ची. त्याच दिवशी चिमुकल्या आयडाहोच्या कॉकसमध्ये ओबामांनी १५ विरुद्ध ३ असे १२ डेलिगेट जादा मिळवले. एवढे मोठे राज्य जिंकूनही त्या दिवशी आमची बेरीज वजाच झाली. आणि ‘डेलिगेट’ला ‘प्रतिनिधी’ लिहू नका, वाचकाला ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद वाटतील.

जुनेपान : शिवाय राजाराम महाराजांनी जिंजीला प्रल्हाद निराजींना ‘प्रतिनिधी’ केले, ते स्वतःच्या अकलेने राज्यकारभार पाहण्यासाठी. कोणाला मत द्यायचे हे ज्याचे आधीच ठरलेले असते, तो कसला प्रतिनिधी? त्या अर्थाने कोणालाही बांधील नसलेले सुपरडेलिगेट, म्हणजे पक्षातल्या पदामुळे आपोआप डेलिगेट होणारे नेते, हेच खरे प्रतिनिधी.

तिकीटबारी : मग ‘उमेदवार’ तरी कुठे बरोबर राहिला? आशेवर राबणारा तो उमेदवार, म्हणूनच वकिलाकडे ‘उमेदवारी’ करतात. प्रायमरीतला माणूस नेमका तेवढाच असतो. तिकीट मिळाल्यावर त्याला दुसरा शब्द हवा.

रेघोटी : लेख उद्या संध्याकाळी द्यायचा आहे. ‘प्रायमरी’चे काय करू?

जुनेपान : ‘उमेदवारी’ला मुदत किती असे, हे आधी पाहायला हवे. आमच्या आजोबांनी एका वकिलांकडे तीन वर्षे केली होती, आणि तीही बिनपगारी.