आठ तासांच्या तीन पाळ्या की बारा तासांच्या दोन?

चक्रधर: चोवीस तास चालणाऱ्या कामाला बाराच्या दोन पाळ्याच बऱ्या, असं माझं मत. चार गट करायचे. दोन दिवस काम, दोन सुट्टी, तीन काम, पुढच्या आठवड्यात बरोबर उलट. चौदा दिवसांत सात ड्युट्या, म्हणजे ८४ तास, आठवड्याला सरासरी ४२. एक आड एक शनिवार-रविवार मोकळा. शिवाय पाळी बदलताना चार्ज देणं-घेणं दिवसातून तीनदाऐवजी दोनदाच, आणि निम्मे घोळ तिथेच होतात. 'पंप बंद ठेवलाय हे मी सांगितलं होतं', 'मला कुणी नाही सांगितलं'.

निशाचर: असहमत. कागदावर बारा तास, त्यात येणं-जाणं धरा, झोपेला काय उरतं? पहाटे चारच्या नोंदी कधी काढून बघा. दाबाच्या रकान्यात तीन तास ओळीने तोच आकडा, एकाच हाताने, एकाच दमात लिहिलेला. माणूस गेजपर्यंत उठून गेलेलाच नसतो. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात १९७९ साली पहाटे चारच्या सुमारास झाला, चेर्नोबिल १९८६ मध्ये मध्यरात्रीनंतर १ वाजून २३ मिनिटांनी. हा योगायोग म्हणायचा का?

चक्रधर: ही दोन नावं या वादात हटकून येतात. थ्री माइल आयलंडला व्हॉल्व्ह उघडा अडकला होता आणि पॅनेलवरचा दिवा तो बंद असल्याचं भासवत होता. ताजातवाना माणूसही तिथे फसला असता. आणि तो तीन वेळचा आकडा आठ तासांच्या रात्रपाळीतही सापडतो. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान तळाला जातं, पाळी कितीची आहे हे ते विचारत नाही.

सहावी_घंटा: मग ज्यांना रात्र झेपते त्यांना कायमची रात्रपाळी द्या की. रोजची अदलाबदलच नको.

निशाचर: तेही फसतं. सुट्टीच्या दिवशी तो माणूस घरच्यांबरोबर दिवसाच जागा राहतो, त्यामुळे शरीर धड इकडचं ना तिकडचं. त्यात साहेबलोक जनरल शिफ्टला, म्हणजे दिवसाच्या ऑफिसच्या वेळेत, त्यामुळे रात्रीच्या गटाला ना प्रशिक्षण मिळतं ना बढती.
फिरती ठेवा, पण पुढच्या दिशेने: पहिली (सकाळची), दुसरी (दुपारची), मग तिसरी (रात्रीची). शरीराचं घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप उशिरा ढकलणं सोपं, अलीकडे ओढणं अवघड. उलटी फिरवलीत तर दुसरी पाळी रात्री अकराला सुटते आणि सकाळी सातला पुन्हा हजर. मध्ये आठ तास! युरोपीय संघाच्या नियमात दोन कामांमध्ये सलग ११ तास विश्रांती आहे, ती काही शोभेसाठी नाही.

हजेरीपट: रोस्टर लावणारा म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही तासांवर भांडताय, माणसं मोजतच नाही. एक खुर्ची आठवडाभर भरलेली ठेवायची तर १६८ तास. 'तीन पाळ्या, तीन माणसं' हा हिशोब अजून केला जातो. त्यात प्रत्येकाला ५६ तास आणि साप्ताहिक सुट्टी शून्य. चार ठेवले तर ४२, पण कुणी आजारी पडायचं नाही. आता वर्षाचं बघा: ८७६० तास. आठवड्याला ४० तासांचा माणूस, रजा-आजारपण-प्रशिक्षण मिळून ३० दिवस वजा केले, तर वर्षाला १८४० तासच मिळतो. म्हणजे एका खुर्चीला पावणेपाच माणसं. हे पाऊण माणूस मंजूर करताना सगळ्यांचा हात आखडतो. मग ते तास ओव्हरटाइममधून निघतात आणि रोस्टरला नावं ठेवली जातात.

निशाचर: बारा तासांचं खरं दुखणं तेच. आठच्या पाळीत खाडा झाला तर आधीचा चार तास थांबतो, पुढचा चार तास लवकर येतो, निभावतं. बाराच्या पाळीत रिलिव्हर, म्हणजे सोडवायला येणारा माणूस, आलाच नाही तर तसं वाटून घेतलं तरी प्रत्येकी अठरा तास. म्हणून मग सुट्टीवरच्यालाच फोन.

चक्रधर: हे मान्य. पाच गट देणार असाल तर प्रत्येकाला सरासरी ३३.६ तास पाळीचे, उरलेले रजेच्या बदलीला आणि प्रशिक्षणाला. असं असेल तर आठ तासांनाही माझी हरकत नाही. पण गट चारच राहणार असतील तर मी बारालाच हात वर करणार. पंधरवड्यातले सात दिवस तरी माझे.

हजेरीपट: सात कुठले? चार गटांत कुणाचीही रजा निघाली की बदली त्या सातांतूनच जाते. गेल्या सहा महिन्यांत सुट्टीच्या दिवशी किती वेळा बोलावलं, ते आधी मोजून इथे टाका.