मदत हवी आहे : ८ कामगारांच्या ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता एकदम ५० टक्के वाढला

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माझ्यासह ९ जण. १० पेक्षा कमी असल्याने ईएसआयसी (सरकारी कामगार विमा योजना) लागू होत नाही, म्हणून ३ वर्षांपासून कुटुंबांसह ३ लाखांची ग्रुप पॉलिसी काढतो. हप्ता पूर्ण मीच भरतो.

गेल्या वर्षी १,१२,००० होता, यंदा रिन्यूअलला १,६८,००० मागितलेत, जीएसटी वेगळा. वर्षभरात क्लेम एकच झाला, एका जॉबरची (माग दुरुस्त करणारा कामगार) अँजिओप्लास्टी, १,९०,००० चा. एजंट म्हणतो, लहान ग्रुपला एक क्लेमही जड जातो. पण त्यामुळे आठही घरांचा हप्ता का वाढवायचा?

ज्येष्ठांच्या वैयक्तिक पॉलिसीत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर आधी आयआरडीएआयशी (विमा नियामक) सल्लामसलत करावी लागते, असा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. ग्रुपसाठी तसं काही सापडलं नाही. कंपनीला मेल केला, उत्तर आलं, ‘दर क्लेमच्या अनुभवावरून ठरतो.’ आकडेमोड दिली नाही. दुसऱ्या दोन कंपन्यांचे दर कमी आहेत, पण त्या जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून कव्हर देत नाहीत. दोन कामगारांच्या आईंना मधुमेह आहे, त्यामुळे ते चालणार नाही. पगारातून कपातही करायची नाही.

मुदत २० दिवसांत संपतेय. एवढ्या लहान ग्रुपच्या दरवाढीवर काही मर्यादा आहे का, आणि हप्त्याचा हिशोब लेखी मागून कुणी तो खरंच कमी करून घेतलाय का?