एका डॉलरचे हातमोजे: तुमचे थंडीचे अनुभव लिहा

रानजाई

काल माळ्यावरची ट्रंक खाली काढली. गोधड्यांच्या तळाशी एक काळा हातमोजा सापडला. एकच. दुसरा कुठे गेला देव जाणे.

२००८ च्या नोव्हेंबरात आम्ही शिकागोला गेलो तेव्हाचा हा. पुण्याहून जाताना तुळशीबागेतले भरतकामवाले लोकरी मोजे नेले होते, ते दोन आठवड्यांत उसवले. मग एका दुकानात गल्ल्याशेजारी ढीग दिसला, जोडी एक डॉलर. बघून वाटलं हे पाच वर्षांच्या पोराचे असणार. हात घातला तर रबरासारखा ताणून कोपरापर्यंत जाईल की काय असं झालं! सगळ्यांना एकच माप. मी खूश, चार जोड्या उचलल्या.

जानेवारीत बसस्टॉपवर उभी. उणे १८, त्यात तळ्यावरून येणारा वारा. दहा मिनिटांत बोटं माझी राहिली नाहीत. रडू फुटायच्या बेताला आले होते. शेजारी एक पोलिश आजी होत्या. त्यांना इंग्रजी येईना, मला पोलिश. त्यांनी आपला जाडजूड, बोटं नसलेला, नुसता अंगठा वेगळा असलेला मोजा काढला. आतून त्यांचा हात बाहेर आला तर त्यावर अगदी माझ्यासारखाच एक डॉलरवाला! मग तो जाड मोजा त्यांनी माझ्या हातावर चढवला आणि बस येईपर्यंत स्वतःचा हात कोटाच्या खिशात ठेवून उभ्या राहिल्या. आत पातळ, वर जाड. त्याच दिवशी मी तसे मोठे मोजे आणले.

तिथे आठ हिवाळे काढले या मोज्यांनी. पुण्यात परत आल्यावर डिसेंबरात स्कूटरवर. आता हा एकटा.

तुमचे कसे टिकले? ऊब लागली का? लिहा.

अर्धवट_पुणेकर

पहिला! माझ्याकडे पण आहेत. राखाडी. तीन. तिन्ही डाव्या हाताचे.

द्राक्षमळा

निफाड तालुका. पारा ५ च्या खाली गेला की पेपरात आमचा फोटो येतो शेकोटीसोबत, तेवढीच प्रसिद्धी.

पहाटे बागेला पाणी सोडायला जातो, थंडीने मणी तडकू नयेत म्हणून. ठिबकचा कॉक उघडताना हात भिजतो. मोजा ओला झाला की झाला विषय, नुसत्या हातापेक्षा वाईट. काढून खिशात ठेवतो. विरळणीला घालून बघितले एकदा, कात्रीने मोज्याचंच बोट विरळलं. शिवाय तारेत धागा अडकतो आणि ओढला की मनगटापर्यंत शिडी पडते. एक सीझन पण टिकले नाहीत. बाईंना बसस्टॉपवर टिकले असतील.

रानजाई

@द्राक्षमळा दादा हो, मी नुसती उभीच राहायचे 😄 पिंक बेरीचा, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडण्याचा, त्रास आहे का यंदा?

द्राक्षमळा

ताई त्यावर वेगळा चर्चेचा धागा लागेल. दिवसा ऊन रात्री बर्फ असं झालं की येतेच.

कडीपत्ता

केदारकंठा, उत्तराखंडातलं शिखर, २०१९. सांक्री गावाहून. शेवटच्या चढाईला रात्री अडीचला निघालो. आत पातळ ताणाचे, वरून वॉटरप्रूफ. एकदम बरोबर पद्धत. वर १२,५०० फुटांवर सूर्य उगवला, फोटो काढायला वरचा काढला, काखेत धरला आणि वाऱ्याने तो गेला थेट पलीकडच्या दरीत. सगळे हसले. पाच मिनिटांनी मी सोडून सगळे हसत होते.

पातळ मोज्यातून वारा असा आरपार जातो की घातलाय हेच विसरायला होतं. आमच्या गाइडने सॅकमधला माझाच जास्तीचा पायमोजा काढून हातावर चढवला. चारही बोटं एकत्र, दहा मिनिटांत जीव आला. तेव्हापासून जास्तीचे पायमोजे घेतल्याशिवाय डोंगर चढत नाही. तो पायमोजा धुतलेला नव्हता हे सांगायला नको.

चिंगुताई

@कडीपत्ता डिसेंबरात केलात का? लेकीला जायचंय, बारावी झाल्यावर. मुली असतात का ग्रुपमध्ये?

कडीपत्ता

जानेवारी. हो असतात, आमच्यात निम्म्या होत्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

धागेदोरे

इचलकरंजीला सूतात जन्म गेला म्हणून जरा लांबण लावतो, माफी असावी.

हे मोजे बहुतेक ॲक्रिलिकचे, त्यात थोडंसं इलास्टेन. आपण लायक्रा म्हणतो तेच, शोध १९५८ चा, अमेरिकेतला. ताण दोन ठिकाणाहून येतो. एक त्या इलास्टेनमधून, दुसरा विणीतून. विणलेल्या कापडात धागा सरळ नसतो, फासे असतात, ओढलं की फासे उघडतात.

आणि इथेच गोम आहे. ऊब धागा देत नाही, फाशांत अडकलेली हवा देते. मोठ्या हातावर तोच मोजा ताणला की फासे उघडे पडतात, कापड पातळ होतं, हवा राहत नाही. म्हणजे एकच मोजा लहान हाताला उबदार आणि मोठ्या हाताला जाळी. सगळ्यांना एकच माप हे बसण्यापुरतं खरं, उबेपुरतं नाही.

भोक पहिल्यांदा अंगठ्याला आणि तर्जनीलाच पडतं, कारण ताण आणि घासणं दोन्ही तिथेच. दिसलं की लगेच दोन टाके मारा. उद्यावर टाकलं की फासे धावतात. धुताना ब्लीच नको, क्लोरीनने इलास्टेन मरतं. उन्हात कडकडीत वाळवू नका, इस्त्री तर नकोच. गोळे आले तर येऊ द्यात, त्याने काही बिघडत नाही, दिसायला घाण एवढंच.

रानजाई

अहो म्हणजे ऊब लागत नाही ही आमच्या ह्यांची तक्रार खरी होती!! त्यांचा हात म्हणजे फावडं. आठ वर्षं मी त्यांना नाजूक नार म्हणत आले. आता वाचून दाखवलं तर चहा पीत नुसते हसतायत.

अर्धवट_पुणेकर

@रानजाई माफी लेखी द्या, धाग्यावर.

मोगरा_७

मला पुण्याच्या १० डिग्रीतसुद्धा बोटं पांढरी पडतात. आधी पांढरी मग निळी मग लाल आणि मग अशा कळा की बस. रेनॉड म्हणतात. कित्येक वर्षं घरात सगळे नाटक म्हणायचे. कणीक भिजवताना फ्रिजमधलं पाणी घेतलं तरी व्हायचं.

हे ताणाचे मोजे घेतले होते पण मला घट्ट होतात आणि घट्ट काहीच चालत नाही, रक्त पुढे जायला हवं ना. डॉक्टर म्हणाले नुसते हात झाकून उपयोग नाही, अंग उबदार ठेवा. आता स्वेटर, कानटोपी आणि वर सैलसर लोकरी मोजे. लिफ्टमध्ये लोक बघतात. बघू देत.

चिंगुताई

मोगरा अगं किती सोसलंस. माझ्या जाऊबाईंना पण असंच होतं, त्यांना हे वाचायला देते.

टोरांटोकर

लिहायला घेतलं आणि मुलगी उठली, आता दुसऱ्यांदा.

इथे या मोज्यांना कोणी मोजे समजत नाही, टिश्यू पेपरसारखे वापरतात. मी ऑक्टोबरात एकदम डझन घेते. डिसेंबरपर्यंत पाच उरतात, पाच जोड्या नाही, पाच. शाळेत हरवलेल्या वस्तूंचा मोठा खोका असतो, त्यात हात घातला की कुणाचा ना कुणाचा मिळतोच, मी आता प्रामाणिकपणा सोडलाय. सासूबाईंनी साताऱ्याहून विणून पाठवलेल्यांना मात्र दोरी लावलीय, एका बाहीतून पाठीमागून दुसऱ्या बाहीत. ते चार वर्षं टिकले, दोन्ही मुलींना झाले.

उणे २५ ला गाडी साफ करताना मात्र पातळ आत हवेतच. उघड्या हाताने लोखंडी फावडं धरलं की काय होतं ते एकदा केलंय, परत नाही.

मोजे घालूनही फोन चालतो म्हणतात ते बोटाच्या टोकाला वीजवाहक धागा असतो म्हणून. पाच सहा वेळा धुतले की माझे तरी बंद पडले. मग नाकाने फोन उचलते.

अर्धवट_पुणेकर

नाकाने 😂😂 दंडवत घ्या

सायकलवारी

संभाजीनगरला दहावीपर्यंत पेपर टाकायचो, पहाटे साडेचारला गठ्ठा उचलायचा. मोजे घालून पेपर मोजता येत नाहीत, दोन दोन सुटतात आणि मग शेवटच्या घराला कमी पडतो, पैसे आपल्या खिशातून. बाबांनी आपल्या जुन्या पायमोज्यांची टोकं कापून दिली, अंगठा आणि दोन बोटं बाहेर. हँडल धरताना ती तीन बोटंच गार पडायची. शाई लागून ती काळी आणि बाकीचा हात गोरा.

गेल्या वर्षी ते ताणाचे घेतले मॉर्निंग वॉकला. पहिल्याच दिवशी अंगठा आणि दोन बोटं कापली. बायको म्हणाली नवीन आणून कापतो कोण. काय सांगणार.

रानजाई

@सायकलवारी तुमचा प्रतिसाद कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत वाचत बसले. वरण लागलं.

ऑरेंज_सिटी

नागपूरची थंडी कोणी मोजतच नाही राव. आमच्याकडे पण हाडं वाजतात. मोजे वगैरे काही नाही, शेगडी आणि हुरडा. कोण येऊन राहिलं हुरड्याला?

चिंगुताई

मी! पण आधी डिंकाच्या लाडवात डिंक फुलत नाहीये त्याचं कुणी सांगा. आतून कच्चा राहतो.

मोगरा_७

तूप मध्यम तापव, डिंक थोडा थोडा टाक. आधी उन्हात ठेवला होतास का? दमट असला की होतं असं.

धागेदोरे

@अर्धवट_पुणेकर तुमचे तीन डावे राहूनच गेले. अहो, या मोज्यांना डावा उजवा नसतोच. यंत्रावर सपाट विणतात, पालथा केला की झाला दुसऱ्या हाताचा. तळवा आणि मागची बाजू एकसारखीच.

अर्धवट_पुणेकर

थांबा.

अर्धवट_पुणेकर

घालून बघितलं. चार वर्षं मी एका खिशात उजवा हात कोंबून गाडीवरून उतरतोय. माझ्याकडे दीड जोडी आहे!

रानजाई

मग तो वरचा अर्धा मला द्या. माझा काळा आहे, तुमचा राखाडी. चालेल.

अर्धवट_पुणेकर

कोथरूड की सिंहगड रोड?

रानजाई

कोथरूड. धुऊन आणा.