बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी केरीहून म्हापशाला ओढून न्यावी का?

सत्तरीकर: नमस्कार. माझी ऑटोमॅटिक हॅचबॅक गोव्यातील केरी येथे घरासमोर बंद पडली आहे. चावी फिरवली की नुसता ‘टक’ असा आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात. गॅरेज म्हापशाला आहे. शेजाऱ्यांकडे पिकअप आणि नायलॉनचा दोर असल्याने साखळी-डिचोलीमार्गे गाडी ओढत नेऊ, असा त्यांचा आग्रह आहे. पावसाचे दिवस आहेत आणि मागच्या गाडीत मलाच बसावे लागणार आहे. कोणती काळजी घ्यावी?

डिचोलकर: वर्णनावरून बॅटरी उतरल्याचा संभव अधिक वाटतो, म्हणून आधी पिकअपच्या बॅटरीवरून जंपर केबल लावून पाहावी. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आहेत याची खात्री करावी. लाल केबल धन टोकांना जोडावी. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावे. धक्का मारून ही गाडी सुरू होणार नाही. तो उपाय क्लचचे पेडल असलेल्या गाड्यांचा.

फोंडेकर: ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कोणती, हे आपण लिहिलेले नाही, आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) किंवा टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून शक्ती पोचवणारा) असेल, तर गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून पुढची चाके रस्त्यावर फिरवत नेली, तर आतले भाग कोरडे घासले जातात आणि बॅटरीपेक्षा कितीतरी मोठा खर्च पदरात पडतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची. इंजिन बंद असताना पेडल हलके करणाऱ्या बूस्टरला मदत मिळत नाही; त्यात साठलेल्या निर्वातावर (व्हॅक्यूमवर) पेडल फार तर एक-दोनदा नेहमीसारखे दबते, पुढे ते दगडासारखे घट्ट होते. स्टिअरिंगही जड होते, आणि चावी काढलेली असेल तर ते चक्क अडकते. उतारावर दोर सैल पडतो, तेव्हा पुढच्या पिकअपवर न आदळण्याची सगळी जबाबदारी याच घट्ट ब्रेकवर येते, तीही ओल्या रस्त्यावर. वाहन चालवण्याच्या २०१७च्या नियमांप्रमाणे ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनांत ५ मीटरपेक्षा अधिक अंतर ठेवता येत नाही, म्हणजे सावरायला जागा जवळजवळ नाहीच. शेजाऱ्यांचा हेतू चांगला असला, तरी म्हापशापर्यंत दोराने नेण्यास माझी संमती नाही.

सत्तरीकर: आभारी आहे. गाडी एएमटी आहे. बंद करताना गिअर लागलेलाच राहिला असावा, कारण ढकलूनही ती हलत नाही. लिव्हर न्यूट्रलवर आणला, तरी फरक पडत नाही.

फोंडेकर: एएमटीत गिअरबॉक्स साधाच असतो, पण क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा विजेवर चालते. बॅटरी मेलेली असताना लिव्हर सरकतो, आतला गिअर मात्र सुटत नाही. अशा स्थितीत ओढल्यास चाके घासत जातील. जंपर केबल लावून चावी ‘ऑन’ करावी, ब्रेक दाबून न्यूट्रल घ्यावा आणि डॅशबोर्डवर ‘एन’ दिसल्याशिवाय गाडीला हात लावू नये.

डिचोलकर: एवढे करूनही सुरू झाली नाही, तर विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स (बंद पडलेल्या गाडीसाठी जागेवर मदत) आहे का ते पाहावे. फोनवर ‘फ्लॅटबेड’ (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा सपाट ट्रक) असे स्पष्ट सांगावे, आणि घराकडची वाट अरुंद असेल तर तेही आधीच कळवावे, कारण मोठा ट्रक आत वळत नाही म्हणून परत गेल्याचे प्रकार गावाकडे घडतात. वाटेच्या तोंडापर्यंत गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत आणायला चार माणसे पुरतात. स्टिअरिंगवर आपण बसावे आणि हँडब्रेकवर हात ठेवावा.